चारशे एकतीस दिवसांचा उशीर

२० जून २०१६

ती. स्व. आत्यास,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच फोन ठेवला असतास, म्हणून पत्र. पत्र रागाने भिरकावलंस तरी राग उतरल्यावर पुन्हा उचलता येतं.

मला नोकरी लागली. वेधशाळेत, दुर्बिणीच्या फोटोंवरून उजेड मोजायचं काम. हो, त्याच वेधशाळेत. आणि हो, तुझ्या तेव्हाच्या सरांच्याच गटात. बाबा म्हणाले, "आत्याला कळवू नकोस, उगाच खपली निघेल." पण मी किती दिवस लपवणार? तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस की माझ्या पोटातलं तुला कळतं.

वीस वर्षांपूर्वी तू तिथे होतीस आणि तुला काढलं, एवढंच मला माहीत आहे. घरात विचारलं की सगळे पाणी प्यायला उठतात. मी तुझी भाची आहे हे सरांना कळलेलं नाही. तुझं तेव्हा सासरचं आडनाव होतं. आई म्हणते, सासरहून तुला मिळालेली ती एकच वस्तू, आणि तीही तू परत केलीस.

तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. पण मनापासून विचारशील तर जायचं आहे.

तुझी,
ठकू


२ जुलै २०१६

प्रिय ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र भिरकावलं नाही. दुकानातल्या खणात ठेवलं आणि तीन दिवस चष्म्याच्या काचा घासल्या. दोन काचा वाया गेल्या. मालक म्हणाले, "बाई, आज हाताला काय झालंय?" हाताला काही झालं नव्हतं.

जा तू. जाच. आता ऐक.

काचेच्या पेल्याचं जाड बूड डोळ्यासमोर धर आणि पलीकडच्या दिव्याकडे पाहा. एका दिव्याचे दोन दिसतील. आकाशात असंच आहे. फार लांब एक क्वेसार आहे, म्हणजे कमीजास्त होणारा एक प्रचंड प्रखर दिवाच, आणि त्याच्या नि आपल्या मधे अब्जावधी ताऱ्यांची एक जडशीळ दीर्घिका बसली आहे. तिच्या वजनाने क्वेसारचा उजेड वाकतो आणि दोन वाटांनी आपल्याकडे येतो. म्हणून एकाच क्वेसारचे दोन ठिपके दिसतात. एक वाट थोडी आखूड, एक लांबलचक. म्हणून क्वेसार मंदावला की आधी एक ठिपका मंदावतो आणि कितीतरी दिवसांनी दुसरा. पहिल्याला मी थोरला म्हणायचे, दुसऱ्याला धाकटा. धाकटा थोरल्याचीच नक्कल करतो, फक्त उशिरा. तो उशीर नेमका किती दिवसांचा हे कळलं आणि मधल्या दीर्घिकेचं वजन ठाऊक असलं, की त्या वाटा खरोखर केवढ्या लांब आहेत ते कळतं, आणि त्यावरून विश्व किती वेगाने पसरतंय तेही कळतं. उशीर जास्त तर पसरण्याचा वेग कमी. एवढं साधं आहे. उशीर मोजायचा.

एके वर्षी मार्चच्या मध्यात थोरला मंदावला. पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यात धाकटा किंचित मंदावल्यासारखा दिसला. सरांनी लगेच जाहीर केलं: उशीर तीनशे शहाण्णव दिवस. विश्व भराभर पसरतंय! पेपरात फोटो, सत्कार, सगळं. मला ते पटलं नव्हतं. थोरला सपाटून पडला होता आणि धाकट्याने नुसती मान हलवली होती. मेमध्ये ते ठिपके पश्चिमेला क्षितिजाशी टेकतात, सूर्य मावळल्यावर जेमतेम चाळीस मिनिटं दिसतात, मग चार महिने सूर्याआड. त्या चाळीस मिनिटांसाठी कुणी दुर्बीण वळवत नसे. मी वळवली. अकरा संध्याकाळी. आणि धाकटा पडला, अगदी थोरल्यासारखा. हिशेब केला तर उशीर चारशे एकतीस.

मी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. आठ दिवसांनी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या बाईंनी हे अकरा बिंदू मनाने लिहिले आहेत. पुरावा म्हणून त्यांनी काय दाखवलं ते सोड. समितीने मान हलवली, मी घरी. तुझे बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आई जाईपर्यंत विचारायची, "खरंच मनाने लिहिलंस का गं?" तिला काय उत्तर द्यायचं याने माझी वीस वर्षं खाल्ली.

त्या दिवसांतली घुमटाची नोंदवही, रोजचं आकाश लिहायची ती, केव्हाच जळाली, ती शोधत बसू नकोस. तू फक्त तिथे राहा, डोळे उघडे ठेव आणि तोंड बंद. मला या माणसाचं तोंड एकदा भर सभेत काळं झालेलं बघायचं आहे. देवाकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

तुझी आत्या


११ नोव्हेंबर २०१६

ती. स्व. आत्यास,
सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. इथे आता दुर्बिणीला डोळा लावून कुणी बघत नाही. दुर्बीण आपली आपण फोटो काढते, मी सकाळी नऊला येऊन दोन्ही ठिपक्यांचा उजेड मोजते. खोलीत तीन टेबलं, एक कायम गळणारा एसी, आणि भिंतीवर फ्रेममध्ये सरांचा तो जुना रिसर्च पेपर. ३९६ हा आकडा कुणीतरी सोनेरी पेनाने गोल केलाय.

सर आता थकलेत, पण जीभ तशीच. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "हस्ताक्षर छान आहे तुमचं. पूर्वी एका बाईंचंही होतं. आकडेही फार सुबक काढायच्या, इतके सुबक की आकाशाला लाज वाटावी." सगळे हसले. आत्या, दर वर्षी नवीन मुलं आली की ते ही गोष्ट सांगतात. इथे तुला 'अकरा बिंदूंची बाई' म्हणतात. मीही हसले, कारण तू तोंड बंद ठेवायला सांगितलं होतंस. नंतर जिन्यात जाऊन रडले.

एक गंमत सांगते. इथे आता नियम आहे की अंतिम आकडा कुणी बघायचाच नाही. कॉम्प्युटर उत्तरात एक गुप्त संख्या मिसळून ठेवतो. आपल्याला चूक किती बारीक झाली ते दिसतं, पण उत्तर कुठे पडलंय ते नाही. सगळं तपासून झालं की सगळ्यांनी सही करायची की आता एक अक्षरही बदलणार नाही. मग सगळ्यांसमोर पेटी उघडायची, म्हणजे ती गुप्त संख्या काढून टाकायची, आणि जे निघेल ते तसंच छापायचं. हा नियम कुणी आणला? सरांनी! म्हणतात, "आवडता आकडा दिसला की माणूस तपासणं थांबवतो."

मोजमाप संपायला अजून वर्षभर आहे.

तुझी ठकू


५ डिसेंबर २०१६

प्रिय ठकूस,
आशीर्वाद.

चोराने कुलपाचं दुकान काढलं म्हणायचं. आवडता आकडा दिसला की माणूस तपासणं थांबवतो! हे वाक्य तो कुठे शिकला ते मला विचार.

अकरा बिंदूंची बाई. बरं.

या पत्रासोबत एक बंद पाकीट वेगळं रजिस्टर केलंय, तुझ्याच नावाने. फोडू नकोस. त्यावरचा पोस्टाचा शिक्का स्पष्ट उमटलाय ना ते बघ, मी कारकुनाकडून दोनदा मारून घेतलाय. तुमची पेटी ज्या दिवशी सगळ्यांसमोर उघडेल, त्या दिवशी आकडा पडद्यावर आला की तिथेच उभी राहा आणि हे फोड. वर्षभर आधीच्या शिक्क्याचं पाकीट आणि आत माझा आकडा. बघू मग कोण मनाने लिहितं.

आणि एक. तू दोन्ही ठिपके मोजतेस. एक कागद घे, थोरल्याचा आलेख काढ, धाकट्याचा दुसऱ्या कागदावर काढ, खिडकीच्या काचेवर एकावर एक धर आणि सरकव. पाच मिनिटांचं काम. किती दिवस येतात ते मला कळव. मी कुणाला सांगणार नाही.

आत्या


९ जानेवारी २०१७

ती. स्व. आत्यास,
सा. न.

पाकीट मिळालं. शिक्का स्पष्ट आहे. माझ्या कपाटात, स्वेटरच्या खाली.

खिडकीवर कागद धरणार नाही. रागाव हवं तर. आधी बघणार नाही अशी मी रुजू होतानाच सही केली आहे. उद्या पेटी उघडल्यावर कुणी म्हणालं की ही मुलगी आधी बघून बसली होती, तर तुझा आकडाही वाया जाईल आणि मीही. मग वेधशाळेत आपल्या घरातल्या दोन बायका होतील, दोघी खोटारड्या.

तुझी ठकू


२० ऑगस्ट २०१७

ती. स्व. आत्यास,
सा. न.

तू सात महिने पत्र लिहिलं नाहीस. मीच लिहिते.

तळमजल्यावरची अडगळीची खोली रंगवायची म्हणून रिकामी केली. जुने पडदे, मोडकी मोटर, आणि एका ट्रंकेत घुमटाच्या नोंदवह्या. तुझ्या वर्षाचीही होती. जळाली नाही, आत्या. पावसाने कोपरे फुगलेत, बाकी शाबूत.

मे महिना उघडला. तुझ्या अकरा संध्याकाळी इथल्या जुन्या फायलीत वाचून मला तोंडपाठ आहेत. दहांवर लिहिलंय 'आकाश स्वच्छ'. त्यातल्या तीन नोंदी घुमटवाले काका, तेव्हा घुमट उघडायचे-मिटायचे ते, रजेवर असताना दुसऱ्या कुणी केल्यात. ते बारीक, तिरकं अक्षर मी रोज बघते. सरांचं आहे. आणि एका ठिकाणी त्यांनी लिहिलंय, 'आकाश स्वच्छ. धाकटा स्पष्ट मंद.' धाकटा! इथे कुणी तो शब्द वापरत नाही, सगळे अ आणि ब म्हणतात. म्हणजे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तरी ते तसे बोलले.

पण अकरावी. म्हणजे क्रमाने सातवी. १६ मे. त्यावर काकांच्या अक्षरात आहे: 'दुपारपासून ढग. घुमट उघडला नाही.' खाली काकांची सही, शेजारी तुझी सही.

आत्या, त्या संध्याकाळचा बिंदू कुठून आला?

ठकू


२६ ऑगस्ट २०१७

घुमटवाला विसराळू होता. सह्या मागून गोळा करायचा, मी न वाचता करायचे. तू माझी भाची आहेस की त्याची वकील? वही होती तिथे ठेव.

आत्या


१९ सप्टेंबर २०१७

प्रिय ठकूस,

मागचं कार्ड फाडून टाक. तू उत्तर दिलं नाहीस ते बरं केलंस. दिलं असतंस तर मी दुसरं खोटं लिहिलं असतं.

तो बिंदू मी मनाने टाकला.

सहा संध्याकाळी धाकटा उतरत होता. सातव्या संध्याकाळी ढग. नेमका तळ गाठायच्या दिवशी! मी घुमटाच्या पायरीवर तासभर बसले. आठव्या दिवशी आकाश उघडलं तेव्हा तो चढायला लागलेला. आलेख काढला तर बरोबर मधोमध एक भोक. रेघ तिथून जाणार हे मला दिसत होतं. कुणालाही दिसलं असतं. आधी पेन्सिलने टाकला, बघायला, कसं दिसतं म्हणून. छान दिसलं. मग शाईने गिरवला. बस, एवढंच. त्यात लबाडी होती असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही, आणि म्हणूनच ती लबाडी होती.

सरांनी समितीला ते एकच पान दाखवलं. एक खोटा सापडला, म्हणून दहा खऱ्यांचाही गळा दाबला. त्यांतल्या तीन संध्याकाळी ते स्वतः तिथे होते, हे मला माहीत होतं. पण मी तोंड उघडलं असतं तर सोळा मे निघाला असता. म्हणून मी गप्प बसले, ते जिंकले, आणि वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत राहिले की अकराही खरे. आईलाही. तिला एकदा खरं सांगायला हवं होतं. 'एक खोटा, दहा खरे,' एवढं ऐकून ती शांतपणे गेली असती.

आता पाकिटाचं. त्यात माझा आकडा आहे, आणि खाली सहीनिशी लिहिलंय की अकराही संध्याकाळी मी स्वतः पाहिलं. तुला वाटेल ते पाकीट आता जाळावं. जाळू नकोस. मी विचार केला आहे, काचा घासताना डोकं मोकळं असतं.

सभेत पाकीट फोड आणि सगळं वाच, ते खोटं वाक्यसुद्धा, आणि मग थांब. तो त्यावर झडप घालेल. मी ओळखते त्याला, समोरच्याची चूक दिसली की त्याला राहवत नाही. तो म्हणेल, एका संध्याकाळी घुमट बंद होता, मी स्वतः नोंदवही पाहिली आहे. त्याच्या तोंडून हे एकदा येऊ दे. सभेत, शंभर माणसांत. मग हे पत्र वाच, पहिल्या ओळीपासून. आणि मग वही उघड.

माझं नाक कापलं जाईल. जाऊ दे. त्याचं कापायला सुरी मला माझ्याच नाकावरून फिरवावी लागणार असेल तर तसं. तुझी नोकरी मात्र पणाला लागेल. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आणि तुझ्यावर रागावणारही नाही. म्हणजे रागावेन, पण दाखवणार नाही.

तुझी आत्या


२८ जानेवारी २०१८

ती. स्व. आत्यास,
सा. न.

काल पेटी उघडली. आता दुपार आहे आणि माझं जेवण अजून समोर तसंच आहे. क्रमाने सांगते.

सभागृह भरलेलं होतं. बाहेरचे संशोधक, पत्रकार, निवृत्त झालेले जुने लोक. घुमटवाले काका पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी. सगळ्यांनी सह्या केल्या. सरांनी स्वतः कळ दाबली. पडद्यावर आलं: चारशे एकतीस दिवस, चार कमीजास्त.

आत्या, मी तुझ्यासाठी तिथे मोठ्याने ओरडणार होते. पण आधी पर्समधलं पाकीट चाचपलं.

सरांनी ग्लास उचलला. पाणी प्यायले. मला वाटलं, आता. आणि मग ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रांनो, मी बावीस वर्षं चुकीचा होतो. विश्व मी म्हणत होतो त्यापेक्षा संथ पसरतंय. आज माझ्याच नियमाने मला चूक ठरवलं, याहून मोठा सत्कार कुठला?" लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी डोळे पुसले! तू त्यांना तोंडावर पाडायला निघाली होतीस, आणि ते त्याच व्यासपीठावर दोन पायऱ्या वर चढले.

मी हात वर केला. पाकीट उंच धरलं, शेजारच्या पत्रकाराला शिक्क्यावरची तारीख मोठ्याने वाचायला लावली. मग फोडलं. 'उशीर चारशे एकतीस दिवस.' सभागृहात कुजबुज. सर हसून म्हणाले, "हे अक्षर ओळखतो मी." मी पुढे वाचलं: 'अकराही संध्याकाळी मी स्वतः धाकटा पाहिला आहे.' आणि थांबले.

तू म्हणालीस तसंच झालं, शब्दाला शब्द. ते म्हणाले, "आकडा योगायोगाने जुळला म्हणून खोटं खरं होत नाही. सोळा मेला घुमट बंद होता. मी ती वही पानन्‌पान पाहिली आहे." पानन्‌पान! हा शब्द तर तूही धरला नव्हतास.

मग मी तुझं पत्र काढलं. 'तो बिंदू मी मनाने टाकला.' आजीबद्दलचं वाचताना माझा आवाज फुटला, ते तेवढं माफ कर. वाचून झालं आणि मी वही टेबलावर ठेवली. म्हटलं, "सर, पानन्‌पान पाहिलीत ना, मग हे पान कुणाचं?"

ते चष्मा शोधायला लागले. डोळ्यांवरच होता. मग म्हणाले, इतक्या वर्षांनी अक्षराचं काय सांगता येतं? तेव्हा काका काठी टेकत उठले आणि म्हणाले, "अक्षर सरांचंच. त्या तीन दिवशी माझी सुट्टी होती, माझ्या मुलीचं लग्न होतं. सरांनी मला स्वतः सांगितलं होतं, 'काका, निवांत जा, घुमट मी बघतो.' मला वाटलं किती मोठा माणूस."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक एकेक करून उठले आणि सर स्टेजवर एकटेच उभे होते.

चौकशी समिती बसली आहे. मला सध्या कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. का, ते कुणी सांगत नाही. बाबांनी तुला फोन करायला घेतला होता, तीनदा नंबर लावला आणि ठेवला. तूच कर.

ठकू


९ फेब्रुवारी २०१८

आदरणीय बाईंस,
स. न. वि. वि.

इतक्या वर्षांनी लिहितो आहे, हात अवघडतो. झाल्या प्रकाराबद्दल मला मनापासून खेद वाटतो. आपण दोघेही तेव्हा तरुण होतो, घाईत होतो. आपल्या हातून एक नोंद झाली, माझ्या हातून दहा राहून गेल्या. माणूस आहे, चुकतो.

समितीची बैठक ५ मार्चला आहे. तुमच्याकडून मला केवळ दोन ओळी हव्या आहेत: की त्या दहा नोंदी बाजूला ठेवण्याचा निर्णय तेव्हा आपण दोघांनी चर्चा करून घेतला होता. यात कुणाचंच नुकसान नाही. नव्या पेपरवर तुमचं नाव पहिलं घालण्याची जबाबदारी मी घेतो. तुमच्या भाचीच्या नोकरीचंही पाहता येईल. (ती तुमची भाची आहे हे आता कळलं. हस्ताक्षरावरून कळायला हवं होतं.)

माझं चाळीस वर्षांचं काम आज तुमच्या दोन ओळींवर उभं आहे. कृपया उलट टपाली उत्तर द्यावं. सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे.

आपला,
(सही)


२ मार्च २०१८

ती. स्व. आत्यास,
सा. न.

मला परत घेतलं, काकांनी आणि माझ्या खोलीतल्या दुसऱ्या दोन टेबलांवरच्या दोघांनी लिहून दिलं म्हणून. सरांच्या मदतीने नाही, हे तुला आधी सांगते.

ते रोज सकाळी टपालाच्या खणाशी येतात. कारकून नाही म्हणतो, तरी स्वतः हात घालून बघतात. काल तिथल्या स्टुलावर बसून राहिले होते, कोटाची बटणं चुकीची लावलेली. मला क्षणभर दया आली. खोटं कशाला सांगू.

तू त्यांना काय लिहिलंस? लिहिलंस ना?

ठकू


८ मार्च २०१८

प्रिय ठकूस,
आशीर्वाद.

दया कर, हरकत नाही, ते तुझ्या वयाला शोभतं. तुझे बाबा काल येऊन गेले. दुकानात बसले, चष्म्याची काडी उगाच घट्ट करून घेतली, आणि म्हणाले, "एकच खोटा होता होय?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघंही बराच वेळ रडलो. मालकांनी गिऱ्हाईक बाहेरच थांबवलं.

सरांचं उत्तर लिहून झालंय. वाटेत आहे. वाट जरा लांबची आहे.

आत्या


१६ एप्रिल २०१९

सर,

आपलं ९ फेब्रुवारी २०१८ चं पत्र वेळेवर मिळालं होतं. त्याच दिवशी, तुमच्याच तिकिटाच्या पाकिटात घालायचं म्हणून मी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या अशा: त्या दहा नोंदी बाजूला ठेवण्याबद्दल माझ्याशी कुणीही, कधीही चर्चा केली नाही. आपली चर्चा झाली ती फक्त सोळा मेची, आणि तीही तुम्ही एकट्याने केली.

मधल्या काळात काय काय झालं ते ऐकून आहे. समितीचा निकाल, जुना पेपर मागे घेतला गेला ते, भिंतीवरची फ्रेम उतरली तेही. ठकू म्हणते, तिथे भिंतीवर नुसता पांढरा चौकोन राहिलाय आणि नवीन मुलं विचारतात की इथे काय होतं. आता कुणीतरी त्यांना गोष्ट सांगतं. तुमची. नव्या पेपरच्या शेवटी माझ्या दहा नोंदी माझ्या नावाने छापल्या आहेत, आणि खाली माझ्याच सांगण्यावरून एक ओळ: अकरावी खोटी होती. ती ओळ मी रोज वाचते. तिच्याशिवाय वरच्या दहा मला माझ्या वाटल्या नसत्या.

तुम्ही टपालाच्या खणाशी उभे राहायचात, हे मला कळायचं. रोज सकाळी नऊ वाजता दुकान उघडताना मला त्याची आठवण यायची आणि बरं वाटायचं. चांगल्या माणसाला असं वाटू नये, पण मला वाटलं. पाच मार्च गेला, तुमचा सत्कार रद्द झाला, तुम्ही खोली रिकामी केलीत, आणि पत्र माझ्या खणात काचांच्या पेटीखाली तयारच होतं. दोन वेळा पोस्टापर्यंत गेलेही. परत आले. दिवस भरले नव्हते.

आज भरले. तुमच्या पत्रावरच्या तारखेपासून माझ्या पत्रावरच्या तारखेपर्यंत मोजा, चारशे एकतीस येतील. तुमची सवय मला माहीत आहे, तुम्ही मोजालच. एकेक करून मोजा. या वेळी मधला एकही दिवस मी मनाने भरलेला नाही.

अकरा बिंदूंची बाई